जुनं किंग एअर: आधी लॉगबुक बघा
इथे एकांनी लिहिलंय, नव्याच्या निम्म्या पैशात जुनं किंग एअर बी-200, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. डोळे झाकून नको हो! आम्ही खानापुरात जुना ट्रॅक्टर घेतानासुद्धा डिपस्टिक काढून तेल बोटावर चोळून बघतो. या विमानाच्या पीटी-6 इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) साधारण 3600 तासांनी, मध्ये 1800 च्या आसपास हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनातल्या जळणाच्या तापलेल्या भागाची तपासणी. इंजिनं दोन, म्हणजे खर्चही दोनदा. लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, तासांबरोबर सायकलीही मोजा (एकदा उडून उतरलं की एक सायकल); लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारलेलं विमान सायकलींनी तरुण, आखूड फेऱ्यांचं म्हातारं. रंग, सीटा नंतर. आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावर उघड्यावर ठेवणार असाल तर आपला पावसाळा माहीतच आहे. विमानाच्या आतले तळाचे पत्रे उचलून गंज बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.