कामगाराला कान जपायला शिकवायचं, की आधी मशीनचा आवाज कमी करायचा?

साकीनाका फोरमन
पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या, म्हणजे प्रेसच्या, शॉपमध्ये १९ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात आमच्याकडे कानाच्या सुरक्षेचं ट्रेनिंग झालं. वीस मिनिटं पडद्यावर चित्रं, मग प्रत्येकाला केशरी फोमचे प्लग आणि रजिस्टरवर सह्या. दुसऱ्या दिवशी लाइनवर फिरलो तर १४ जणांपैकी ९ जणांचे प्लग अर्धे बाहेर लोंबत होते. दोघांचे तर खिशातच.

एका पोराला बाजूला घेतलं. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक कर म्हटलं. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, प्लग आत सार, आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट, बोटाने दाबून धर. तिसऱ्या खेपेला जमलं. पोरगा म्हणाला, "साहेब, प्रेस लांब गेला." माझं म्हणणं एवढंच, की असं हातात हात धरून शिकवलं पाहिजे. नुसता प्लग वाटून कान वाचत नाही.

युनियनचा माणूस
दादा, तुमची कळकळ पटते, पण सुरुवातच उलटी होतेय. कानात बोळा हा शेवटचा उपाय. आधी आवाज जिथे जन्मतो तिथे हात घाला. पंचला, म्हणजे प्रेसमधल्या पत्रा कापणाऱ्या हत्याराला, तिरकी धार दिली की पत्रा एकदम न तुटता कापत जातो आणि दणका उतरतो. हवेच्या नळीच्या तोंडाला सायलेन्सर बसतो. कटिंगचे तुकडे उघड्या लोखंडी पेटीत पडतात, तिथे रबर अंथरायला किती खर्च येतो? हे काही न करता ट्रेनिंग झालं, की उद्या कुणी बहिरा झाल्यावर मालक रजिस्टर पुढे करणार: शिकवलं होतं, त्यानेच घातलं नाही.

कारखान्यांच्या नियमांतलं कोष्टक ९० डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास काम करू देतं आणि ९५ ला फक्त ४. तुमच्याकडे शेवटचं माप कधी घेतलं?

कुर्ल्याचा गाळेवाला
मी मालक आहे, म्हणून बोलतो. माझा भाड्याचा गाळा, आठ माणसं, दोन जुन्या प्रेस. मशीनभोवती आवाज अडवणारी खोली बांधायची तर माणसं कुठे उभी करू? शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालतो, त्याचाही आवाज माझ्याच माणसांच्या कानात येतो. माझ्या माणसांचे कान मला प्यारे आहेत, पण आज माझ्या हातात प्लग आणि ट्रेनिंग एवढंच आहे. ते तरी नीट होऊ द्या.

युनियनचा माणूस
खोली नका बांधू. पेटीत रबर टाका, मशीनखाली पॅड द्या. त्याला जागा लागत नाही.

लालबागची लेक
माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. १९८२ च्या संपानंतर ते खातं सुटलं, कानातली शीळ मात्र कायम राहिली. घरी ते हाताच्या खुणांनी बोलायचे, साच्यांच्या गदारोळात लागलेली सवय. आई काहीही म्हणाली तरी उत्तर "हो". आम्हाला वाटायचं, लक्ष देत नाहीत. मोठेपणी कळलं की आवाजाने पहिला मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ असली अक्षरं गळतात, बोलणं पुसट होतं, पण लोकलचा भोंगा ऐकू येतो. म्हणून माणसाला वाटतं, आपला कान ठीक आहे, लोकच पुटपुटतात. आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

म्हणून ट्रेनिंगमध्ये आधी हे सांगा: पाळी सुटल्यावर कानात शीळ वाजते, घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, हा कानाचा इशारा आहे. आणि कामावर लागतानाच प्रत्येकाची श्रवणचाचणी करा, म्हणजे पुढे घट झाली तर कागदावर दिसेल. बाहेरून करायची तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत होते. तसा एक कागद असता, तर वडिलांना निदान दुसऱ्या खात्यात बदली तरी मागता आली असती.

सेकंड शिफ्ट
ताई, खरंय. पण आमची अडचणही ऐका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये घामाने प्लग घसरतो. हात तेलकट, त्याच हातांनी तो दर वेळी वळायचा, मग कान खाजतो, एकाचा तर वाहायला लागला. आणि प्लग लावल्यावर फोर्कलिफ्टचा हॉर्न कमी ऐकू येतो. पाठीमागून गाडी येण्याची भीती खरी आहे. ट्रेनिंग देणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, सवय होईल. हे उत्तर नाही. ज्यांचे हात तेलात असतात त्यांना कान बाहेरून झाकणारे इअरमफ द्या, आणि फोर्कलिफ्टला दिवा लावा.

युनियनचा माणूस
हेच तर म्हणतोय. हे प्रश्न शिकवण्याने सुटत नाहीत, दिवा कुणाला तरी विकत आणावा लागतो. आणि आवाजाने आलेला बहिरेपणा जुन्या कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत होता, त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही आहे, म्हणजे तो सरकारला कळवावा लागणारा आजार आहे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही आहे. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं का? ते सांगत असाल तर ट्रेनिंगला माझा विरोध नाही.

साकीनाका फोरमन
नाही सांगितलं, कबूल. पुढच्या वेळी मी सांगेन. पण शिकवणं थांबवा हे मला पटत नाही. मालकाने पंच बदलून देतो म्हटलं, तरी हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमची रांग पाहता दिवाळी उजाडेल. तोवर त्या पोराच्या कानावर दर मिनिटाला पंचवीस दणके बसणार. ते दिवस मी त्याला काय देऊ?

आज सकाळी कटिंगच्या पेटीत जुनी कन्व्हेयरची पट्टी कापून टाकली. खणखणाट जाऊन ढप्प असा आवाज राहिला, दोन मशीन पलीकडचा ऑपरेटर मान वळवून बघायला लागला. युनियनवाले दादा, ते तुमच्याकडून घेतलं. आणि रजिस्टरला सह्यांच्या शेजारी मी आणखी एक रकाना आखलाय: कंपनीने काय केलं. पहिल्या ओळीत पट्टी लिहिलीय, दोन बाय तीन फूट. फोर्कलिफ्टच्या दिव्याची ओळ कोरी आहे, सोमवारी मॅनेजरसमोर ठेवतो.