विफ्रेदो लाम: 'अतिवास्तववादी' ही पाटी आता काढावी का?

पाणपोई (मूळ लेख)

क्यूबन चित्रकार विफ्रेदो लामच्या नावाआधी 'लॅटिन अमेरिकन अतिवास्तववादी' (सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनातून कला घडवणारा) असं लिहिणं थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. इथे चित्रकलेवर पोटतिडकीने बोलणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (मोमा) नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं मोठं प्रदर्शन उघडलं. १९२० ते १९७० च्या दशकांतली १३० हून अधिक कामं. मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे दोनदा जाता आलं. प्रदर्शनाचं नाव 'मी झोपत नाही तेव्हा स्वप्न पाहतो' अशा अर्थाचं. पहिल्यांदा मी त्या नावाकडे लक्षच दिलं नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा 'झोपत नाही' या दोन शब्दांवरच अडकले. म्हणजे माणूस जागा आहे.

'ला हुंग्ला' (१९४२-४३) हे त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र. उंची २३९ सेंटीमीटर, रुंदी २३०. पुनर्मुद्रणात ते निळ्या-हिरव्या गर्दीसारखं दिसतं. समोर उभं राहिलं की आधी दिसतात ते पाय. माणसापेक्षा मोठे, जड, फताडे पाय, चौकटीच्या तळाशी घट्ट रोवलेले. तिथून नजर वर जाते, तर पोटऱ्या कुठे संपतात आणि ऊस कुठे सुरू होतो ते कळत नाही. चेहरे चंद्रकोरीसारखे, मुखवट्यासारखे. वर उजवीकडे एका हातात कात्री. ऊस हा शब्द मुद्दाम लिहिलाय. नाव जंगलाचं, आणि उभी आहेत पेरं पडलेली उसाची कांडी. जंगलात ऊस आपसूक उगवत नाही, तो कुणालातरी लावायला लावलेला असतो.

लामचा जन्म १९०२ चा, क्यूबातल्या साग्वा ला ग्रांदे या साखरेच्या मुलखातल्या गावचा. वडील चीनमधून आलेले. आईच्या घराण्यात काँगोतून आणलेले गुलाम आणि स्पॅनिश, दोन्ही. क्यूबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये, त्याच्या जन्माआधी जेमतेम सोळा वर्षं. त्याआधी १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर कराराच्या नावाखाली तिथे नेले गेले, बहुतेक उसाच्या मळ्यांवर. आणि त्याची धर्ममाता मांतोनिका विल्सन ही सांतेरियाची, म्हणजे क्यूबातल्या आफ्रिकी मुळांच्या धर्माची, पुजारीण आणि वैदू. आफ्रिकेतून आलेल्या ओरिशा देवता तिच्या घरात रोज वावरत होत्या.

अशा माणसाच्या चित्राला 'स्वप्न', 'अबोध मन' म्हणून मोकळं व्हायचं? त्याने जे रंगवलं ते पॅरिसच्या कॅफेत सुचलेलं गूढ नव्हतं. तो त्याच्या घरातला इतिहास होता.

मतभेद असतील तर जरूर लिहा.

सातपुडा

मूळ लेख आवडला, चित्राचं वर्णन तर फारच. पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. पाणपोईताई, ही पाटी कुणी बाहेरच्याने येऊन त्याच्या गळ्यात अडकवलेली नाही. ती त्याने स्वतः निवडली होती.

जरा कालक्रम बघा. १९२३ मध्ये लाम माद्रिदला गेला. तिथे १९३१ मध्ये क्षयाने बायको आणि तान्हा मुलगा दोघंही गेले. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने उतरला, दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करताना विषारी रसायनांनी आजारी पडला. १९३८ ला पॅरिस गाठलं, पिकासो भेटला, १९३९ मध्ये पियेर लोबच्या गॅलरीत प्रदर्शन झालं. त्या सुमाराची चित्रं पाहिलीत ना? एकेकटी, समोर तोंड करून बसलेली, ताठ माणसं. करुण आहेत, चांगली आहेत, पण बंद आहेत.

मग जर्मन फौजा आल्या आणि तो दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय बंदराकडे पळाला. १९४०-४१ चा तो हिवाळा. अतिवास्तववादाचा म्होरक्या कवी आंद्रे ब्रेतों याच्यासकट सगळे व्हिसाची वाट बघत अडकलेले, भीती आणि उपास. वेळ काढायला ही मंडळी एका कागदावर चित्रं काढत: एकाने थोडं काढायचं, कागद दुमडायचा, पुढच्याने न बघता पुढे न्यायचं. त्यांनी मिळून पत्त्यांचा नवा जोडही रंगवला, त्यातही लामचा हात आहे. ब्रेतोंच्या दीर्घकवितेसाठी त्याने शाईची रेखाटनं केली ती याच दिवसांतली. त्यात पहिल्यांदा चेहऱ्यातून पान फुटतं, केसांतून चांदणी निघते, बाईला घोड्याचं तोंड येतं. 'ला हुंग्ला'तले देह तिथे जन्मले, क्यूबात पाऊल ठेवण्याआधी.

साग्वाने त्याला विषय दिला हे कबूल. पण हात मोकळा केला तो मार्सेयने, आणि मला तुमच्या लेखात मार्सेयचं नावही दिसलं नाही.

फडकरी

मला चित्रातलं फार कळत नाही. मी उसाच्या पट्ट्यातला आहे, घरचा ऊस आहे. धागा वाचून ते चित्र नेटवर शोधलं आणि मोठं करून बघत बसलो.

एकच सांगतो. उभ्या फडात मधे शिरलं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. आधी सळसळ ऐकू येते, मग पाचटातून पाय दिसतात, मग कुठेतरी हात. अख्खा माणूस कधीच दिसत नाही. पातीने हात-मानेवर कापल्यासारखे ओरखडे उठतात ते वेगळंच. या माणसाने ते बरोबर धरलंय. मला तरी त्यात स्वप्न वगैरे दिसलं नाही. तोडणीच्या वेळचा फड दिसला.

तो क्यूबाचा, आम्ही इथले, पण ऊस तोच आहे. पाणपोईताईंशी सहमत.

करवंद

फडकरी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. या चित्रावर आजवर जे वाचलं त्यातलं फार थोडं इतकं नेमकं होतं.

तरी मला मूळ लेखातल्या एका गोष्टीवर हरकत घ्यायचीच आहे. लामने सांतेरियाची दीक्षा कधीच घेतली नाही. मांतोनिकाच्या सहवासात तो वाढला, पण त्या वाटेने गेला नाही. विचाराने तो डावा होता. १९४१ मध्ये क्यूबाला परतल्यावर आफ्रो-क्यूबन धर्म आणि कथा त्याला पुन्हा भेटल्या त्या बऱ्याच अंशी लिदिया काब्रेरामुळे, आणि ती होती अभ्यासक, गोऱ्या सधन घरातली, पॅरिसमध्ये राहून आलेली. त्याच्या काही चित्रांची नावंही तिने सुचवली आहेत. म्हणजे 'घरातला इतिहास' म्हणताना मधे एक संशोधक बसलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

मला भीती वाटते ती याची: 'अतिवास्तववादी' ही पाटी काढून आपण तिथे 'आफ्रिकी श्रद्धांचा चित्रकार' अशी दुसरी पाटी ठोकू. ती जास्त घातक आहे. पहिल्या पाटीत निदान तो विचार करणारा कलावंत असतो. दुसरीत त्याला परंपरेचा भारवाहक करून टाकतात, जणू त्याच्या हातून आपोआप देव उतरत होते.

पाणपोई

करवंद, दीक्षेबद्दलचा मुद्दा मान्य. मी लिहिताना ते सरसकट लिहिलं, चूक माझी.

पण दीक्षा नाही म्हणजे संस्कार नाही असं होत नाही. आयुष्यात एकदाही वारीला न गेलेल्या माणसाच्या तोंडीही तुकोबाचा अभंग येतो. तो त्याने ग्रंथालयात जाऊन मिळवलेला नसतो. काब्रेराने लामला शब्द दिले असतील, संदर्भ दिले असतील. ढोल त्याने आधीच ऐकलेले होते.

सातपुडा, तुम्हाला सविस्तर उत्तर देते, आज वेळ कमी आहे.

कागदवेडी

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. 'ला हुंग्ला' कॅनव्हासवर रंगवलेलं नाही. ते कागदावर आहे, पुडे बांधायला वापरतात तसल्या खाकी कागदावर, आणि तो कागद मग कॅनव्हासवर चिकटवलाय. रंगही बऱ्याच ठिकाणी इतका पातळ आहे की खालचा कागद दिसतो. इतकं मोठं काम इतक्या साध्या कागदावर करणं ही केवळ काटकसर नाही. कागद रंग पटकन शोषतो, घोटाळत बसू देत नाही. रेघ पडली की पडली.

आता पाटीबद्दल. मोमाने हे चित्र १९४५ मध्ये विकत घेतलं. पुढे वर्षानुवर्षं ते कुठे टांगलेलं होतं माहीत आहे का? कोट ठेवायच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात. पिकासो आणि मंडळी आत दालनात, आणि हे बाहेर, लोक ओले कोट काढतात तिथे. कवी-समीक्षक जॉन याउ यांनी १९८८ मध्ये यावरच एक जळजळीत लेख लिहिला, तेव्हा ही गोष्ट चर्चेत आली. माझ्या पेशाच्या नजरेने बघितलं तरी कागदावरच्या कामासाठी रहदारीचा बोळ ही जागा नव्हे.

म्हणजे पाटीवर 'अतिवास्तववादी' लिहिलं काय किंवा आणखी काही लिहिलं काय, तिच्यामुळे त्याला आतली भिंत मिळाली नाही. भांडायचं तर आधी भिंतीसाठी भांडा.

सातपुडा

कागदवेडी, सहमत. त्या बोळाचं समर्थन कुणीच करू नये.

पण पिकासोचा विषय निघालाच आहे तर बोलतो. लाम म्हणजे पिकासोच्या ओंजळीने पाणी पिणारा, असं त्याच्याबद्दल फार काळ बोललं गेलं. मला हे वाचून दरवेळी चीड येते. पिकासोने आपल्या चित्रांतले मुखवटे आणले कुठून? आफ्रिकेतूनच, वसाहतींनी उचलून आणलेल्या वस्तूंतून. पिकासोला ते संग्रहालयात भेटले. लामच्या आईकडचं रक्त तिकडचं. त्याने त्यांना पुन्हा उसात नेऊन उभं केलं, पाय फुटलेले, कात्री हातात घेतलेले. याला मी उसनवारी म्हणणार नाही.

पाणपोई

सातपुडा, या प्रतिसादाला माझा शब्दन् शब्द होकार आहे. तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलंत असं वाटलं :)

आता उत्तर. मार्सेय मी गाळलं, ते गाळायला नको होतं. पण एक प्रश्न: १९४४ मध्ये मोमाने आधुनिक क्यूबन चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यात भाग घ्यायला लामने नकार दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या पियेर मातीसच्या गॅलरीत मात्र त्याने 'ला हुंग्ला' लावलं. 'क्यूबन' या डब्यात बसायला नकार देणारा माणूस 'अतिवास्तववादी' या डब्यात खुशीने बसेल का?

सातपुडा

बसला ना! तोच तर माझा मुद्दा आहे. त्याने क्यूबन प्रदर्शनाला नकार दिला, ब्रेतोंच्या मंडळींना दिला नाही. पियेर मातीसच्या गॅलरीत १९४२ मध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन झालं ते ब्रेतोंच्या ओळखीने. मार्सेयहून निघालेल्या बोटीवर ते दोघे बरोबर होते, मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावर अडकले तेव्हाही बरोबर. तिथे एमे सेझेर भेटला, आणि तिथल्याच अब्सालोनच्या रानात ही सगळी मंडळी एकत्र भटकली. सेझेर स्वतः काळा कवी, वसाहतवादाचा कट्टर विरोधक, आणि त्यालाही अतिवास्तववाद परका वाटला नाही, हत्यार वाटलं. लामने त्याच्या दीर्घकवितेच्या हवाना आवृत्तीला चित्रं काढून दिली, १९४३ मध्ये, म्हणजे 'ला हुंग्ला'च्याच वर्षी.

तुम्ही अतिवास्तववाद म्हणजे पॅरिसचा कॅफे असं धरून चालला आहात. कॅरिबियन बेटांवर पोचल्यावर तो वेगळाच झाला. ज्यांनी तो वेगळा केला त्यांच्याकडूनच ते नाव काढून घ्यायचं?

करवंद

हा प्रतिसाद वाचून मी थोडा सातपुडांकडे सरकलोय.

एक भर. 'जंगल' या शब्दाबद्दल. क्यूबात जंगल नाहीच, असं लाम स्वतः सांगायचा. तिथला शब्द 'मोंते'. मोंते म्हणजे नुसती झाडी नव्हे. औषधी तिथे, पूर्वजही तिथेच, पळून गेलेल्या गुलामांचा आसराही तोच. 'हुंग्ला' हे नाव बाहेरच्या माणसाच्या नजरेतलं आहे. त्याने ते मुद्दाम दिलं असावं असं मला वाटतं: तुम्हाला जंगल बघायचंय ना, घ्या, आणि मग नीट बघा ते काय आहे.

मराठीत आपण याचं नाव 'जंगल' करतो ते चुकतंय. 'रान' म्हणायला हवं.

फडकरी

आमच्याकडे शेताला रानच म्हणतात. "रानात गेलाय" म्हणजे शेतावर गेलाय. ऊसही रानातच असतो आणि झाडीही रानातच. नाव एकदम बसतंय.

कागदवेडी

पुढच्या लामबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. मोमाच्या त्या प्रदर्शनात १९४९ चं एक प्रचंड कागदी काम होतं, 'ग्रांद काँपोझिस्याँ', रुंदी जवळपास चौदा फूट, कोळसा आणि पातळ तपकिरी रंग. ते मोमाने अलीकडे मिळवलं. आणि इटलीत अल्बिसोला इथे त्याने केलेली मातीची भांडी, ताटं. इतक्या वर्षांनंतर माणूस नव्या माध्यमाकडे वळतो याचं मला फार कौतुक वाटतं. 'ला हुंग्ला'ने त्याचं बाकी काम झाकून टाकलंय, ही पाटीपेक्षा मोठी अडचण आहे.

सातपुडा

पाणपोईताई, मग असं करा. जुनी पाटी काढायची म्हणता ना, नवी लिहून दाखवा. संग्रहालयात चित्राशेजारी असते तेवढीच, चार ओळी.

पाणपोई

बराच वेळ बसून लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली:

"विफ्रेदो लाम. जन्म साग्वा ला ग्रांदे, क्यूबा, १९०२. मृत्यू पॅरिस, १९८२. रान, १९४२-४३, खाकी कागदावर. यातला ऊस लावलेला आहे. पाय आधी पाहावेत."

फडकरी

पाय आधी. बरोबर.

सातपुडा

मार्सेय राहिलं. तेवढं घाला, मग 'अतिवास्तववादी' नसलं तरी माझी तक्रार नाही.

पाणपोई

घालते. पण साग्वाच्या नंतर.