ऑनलाइन मसुद्यातल्या टिपांना हेतू निवडणं सक्तीचं असावं का?

समासवाला
आमच्या दिवाळी अंकाचं संपादन ऑनलाइन एडिटरवर चालतं. एका लेखात वाक्य होतं, 'द्विभाषिक मुंबई राज्य १९६० साली अस्तित्वात आलं.' शेजारी मुद्रितशोधकाची टीप : '१९५६?' त्याच्या लेखी ती दुरुस्ती. लेखकाला वाटली शंका, म्हणून 'बघतो' लिहून त्यांनी टीप मिटवली. चूक छापून आली.

टीप टाकतानाच शंका, दुरुस्ती की अभिप्राय, हे निवडायला लावा. त्याशिवाय ती जतनच होऊ देऊ नका. वेबची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या २०१७च्या वेब ॲनोटेशन (म्हणजे ऑनलाइन टिपांच्या) मानकात असे १३ हेतू दिलेत. यादी तयार असताना घोडं अडलंय कुठे?

खोडरबर
सक्तीला माझा ठाम विरोध. वाचताना जे खटकतं ते तिथल्या तिथे लिहिता येतं, यातच टिपेची किंमत आहे. दर वेळी यादी उघडली तर लोक पहिला पर्याय दाबून मोकळे होतील. चुकीच्या लेबलापेक्षा लेबल नसलेलं बरं, निदान माणूस टीप वाचतो तरी.

आणि ज्या मानकाचा दाखला देताय, तेही हेतू 'असावा' एवढंच म्हणतं, सक्ती करत नाही. उलट एका टिपेला एकाहून जास्त हेतू चालतात. तुमची '१९५६?' शंकाही होती आणि दुरुस्तीही.

कोडकरी
त्या तेरांपैकी अधोरेखन, खूण, उत्तर हे तर कृतीवरूनच सॉफ्टवेअरला कळतं, माणसाला विचारायचं कशाला? गूगल डॉक्समध्ये 'सजेस्टिंग' ही बदल नुसता सुचवायची सोय लावून १९६०चं १९५६ केलं असतं, तर स्वीकारा किंवा नाकारा, एवढंच उरलं असतं. दुरुस्ती टिपेत लिहिणं हीच मुळात चुकीची सवय.

समासवाला
पण शोधकाला शंभर टक्के खात्री नव्हती! खात्री नसताना लेखकाच्या मजकुरात हात घालायचा नाही, ही शिस्त आहे आणि मला ती प्यारी आहे. छपाईला जाण्याआधी मला फक्त अनुत्तरित शंकांची यादी हवी. आज उत्तर मिळून मिटलेली टीप आणि नुसतीच झटकलेली टीप सारखीच दिसते.

खोडरबर
मग टाकताना नको, मिटवताना विचारा : बदल केला, तपासून तसंच ठेवलं, की नंतर बघू? तिथे सक्ती मलाही मान्य आहे.

समासवाला
चालेल, पण शंका मिटवायचा हक्क ती काढणाऱ्याकडेच हवा. 'तपासलं' हे लेखकानं स्वतःच ठरवलं, तर आमचं १९६० पुन्हा छापून येईल.