मदत हवी आहे: वॉव क्लासिकमध्ये (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमची जुनी आवृत्ती) लेव्हल ४२ चा ड्रुइड (प्राण्यांची रूपं घेणारा), पाच जणांच्या गटात टँक (मार झेलणारा) व्हावं, हीलर (जखमा भरणारा) की मांजर (मारणारा)?

धागाकर्ता

होर्ड या पक्षाकडून खेळणारा आमचा पाच जणांचा ठरलेला गट आहे: मेज, हंटर, रोग, प्रीस्ट आणि मी टॉरेन जातीचा ड्रुइड. सगळे ४० ते ४३ लेव्हलला. प्रीस्टने शॅडो (मारण्याची टॅलेंट-शाखा) घेतलंय. हील करायला तयार आहे, रिस्पेक (टॅलेंट पुन्हा वाटणं) करायला नाही. माझे ३३ टॅलेंट पॉइंट असे आहेत: फेरल (अस्वल-मांजर रूपांची शाखा) २८, रेस्टोरेशन (हीलची शाखा) ५ (पाचही फ्यूरर या टॅलेंटमध्ये). आजवर जिथे कमी पडेल तिथे मीच. अस्वल होऊन मार खायचा, मध्येच रूप सोडून हील, वेळ मिळाला की मांजर. कॅथेड्रल या डन्जनपर्यंत हे खपलं. आता उल्डामन आणि झुल'फराक ही डन्जन करायची आहेत.

१) आत्ता कुठली एक भूमिका पकडू?
२) त्यासाठी टॅलेंट बदलावे लागतील का?
३) ६० ला (शेवटची लेव्हल) रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) जायचं तर आतापासून काय लक्षात ठेवू?

प्रतिसाद १: अस्वलपंथी

अस्वल. तुमच्या यादीत टँक होऊ शकणारे फक्त तुम्ही आहात, हील करू शकणारे दोघं. यात फार डोकं लढवण्यासारखं काही नाही.

टॅलेंटला हात लावू नका. ४० ला डायर बेअर (मोठ्या अस्वलाचं रूप) मिळाला की वस्तूंवरच्या आर्मरमध्ये ३६० टक्के भर पडते (साध्या अस्वलाला १८० टक्केच). त्यामुळे चामड्याच्या चिलखतातही तुम्ही या लेव्हलच्या वॉरियरसारखा मार झेलता. फेरल इन्स्टिंक्ट पूर्ण आहे ना, तेवढं बघा. त्याने थ्रेट (शत्रू कोणावर धावणार हे ठरवणारा आकडा) १५ टक्के वाढतो. पुढचे दोन पॉइंट हार्ट ऑफ द वाइल्डमध्ये घाला.

पुलची (शत्रूला अंगावर ओढण्याची) पद्धत: मॉबपासून (शत्रूंपासून) लांब उभं राहून अस्वल व्हा. फ्यूररमुळे १० रेज (अस्वलाच्या हल्ल्यांना लागणारी ऊर्जा) लगेच मिळेल. मग एन्रेज दाबा, दहा सेकंदांत आणखी २० येईल. एन्रेज चालू असताना आर्मर घटतं, म्हणून ते पुलच्या आधी. चारजण अंगावर आल्यावर दाबलंत तर प्रीस्टच्या तोंडाला फेस येईल. फेअरी फायर (फेरल) घेतलं असेल तर त्यानेच लांबून पुल करा, रेज लागत नाही.

गटाला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा.

हंटरने पाळलेल्या प्राण्याचा ग्राउल (शत्रूला स्वतःकडे खेचणारी डरकाळी) ऑटोकास्टवरून (आपोआप वापरण्यावरून) काढायचा. निम्म्या गटांत 'टँकला ॲग्रो (शत्रूचं लक्ष) धरता येत नाही' ही तक्रार इथूनच सुरू होते.

प्रीस्टने लढाईच्या सुरुवातीला तुमच्यावर पॉवर वर्ड: शील्ड टाकायचं नाही. शील्डने शोषलेल्या माराचा रेज मिळत नाही. रिन्यू चालेल, शील्ड जीव जायची वेळ आली तरच.

रोग आणि मेज यांनी तुमचे दोन मॉल (अस्वलाचे तडाखे) बसेपर्यंत थांबायचं. जवळून मारणाऱ्याने तुमच्या थ्रेटच्या ११० टक्के ओलांडले की मॉब त्याच्याकडे वळतो, लांबून मारणाऱ्याला १३० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे. रोगला म्हणूनच जास्त सांभाळावं लागतं.

प्रतिसाद २: मुळ्यापाने

अस्वलपंथींशी सहमत, पण दुसरी बाजूही मांडतो, कारण 'ड्रुइडने हीलच करावं' हा सल्ला तुम्हाला गिल्डमध्ये दहा जण देतील.

क्लासिकमध्ये ड्रुइडकडे लढाईबाहेर मेलेल्याला उठवायचा मंत्रच नाही. आहे तो फक्त रीबर्थ. तो लढाईत चालतो हे त्याचं मोठेपण, पण कूलडाउन (पुन्हा वापरेपर्यंतची वाट) ३० मिनिटं आणि दर वेळी एक बी खर्च. ४० च्या रँकला ॲशवूड सीड लागतं, ५० ला हॉर्नबीम, ६० ला आयर्नवूड. रीएजंट (मंत्रांना लागणाऱ्या वस्तू) विकणाऱ्याकडे मिळतात, पिशवीत पाच तरी ठेवा. खालच्या रँकचं बी वरच्या रँकला चालत नाही, आणि ते नेमकं गरज पडल्यावर कळतं.

म्हणजे ड्रुइड एकटा हीलर आणि प्रीस्ट नसलेला गट असेल, तर वाइप (सगळा गट मरणं) झाल्यावर सगळ्यांनी भूत होऊन स्मशानापासून पळत यायचं. तुमच्याकडे प्रीस्ट आहे, तो उठवू शकतो. मग वाइपच्या वेळी मागे उभा राहून जगण्याची शक्यता त्याची जास्त हवी, हेही त्यालाच हीलर करायचं कारण.

शॅडो टॅलेंटने पाच जणांचं डन्जन हील होत नाही, हा गैरसमज आहे. शॅडोफॉर्म सोडायचा, कारण त्यात होली मंत्र चालत नाहीत. ४० ला ग्रेटर हील मिळालेलं असतं. माना (मंत्रांना लागणारी ऊर्जा) लवकर संपेल, पण मेज आहे, माना भरणारं पाणी फुकट. कास्ट झाल्यावर पाच सेकंद स्पिरिटने होणारी मानाची भरपाई थांबते, म्हणून त्याने सारखे छोटे हील न मारता एक मोठा मारून हात आखडता घ्यावा. मधल्या वेळात वांड चालवू दे, त्याला माना लागत नाही.

प्रतिसाद ३: पिशवी_भरली

भूमिका गिअरवर (अंगावरच्या वस्तूंवर) ठरते, निदान या लेव्हलला. टॅलेंट नंतर.

लढाई सुरू झाली की चिलखत बदलता येत नाही, फक्त हातातलं शस्त्र बदलतं, तेही एक ग्लोबल कूलडाउन (दोन कृतींमधली सक्तीची वाट) खाऊन. म्हणजे 'मधेच हीलर होतो' याचा अर्थ अस्वलाच्या कपड्यांत, तुटपुंज्या मानावर हील. शिवाय रूप सोडलं की रेज शून्य, आर्मर चामड्याचं, आणि मॉब अजून तुमच्याच अंगावर. परत अस्वल व्हायला पुन्हा माना. मध्येच एक हील करायचा प्रयत्न साधारण इथेच फसतो. करायचाच असेल तर टॉरेनचा वॉर स्टॉम्प वापरा: रूप सोडा, स्टॉम्प मारा (दोन सेकंद स्टन, जास्तीत जास्त पाच मॉब), त्यात रीजुव्हिनेशन टाका, परत अस्वल. हीलिंग टचचा मोठा रँक त्या दोन सेकंदांत बसत नाही.

आणखी एक: अस्वल-मांजर रूपात पोशन किंवा हेल्थस्टोन वापरता येत नाही. तब्येत खालावतेय असं दिसलं की ग्राउलऐवजी (तो अस्वलाकडेही असतो) प्रीस्टला आवाज द्या.

दोन सेट ठेवा. अस्वलासाठी 'ऑफ द मंकी' (अजिलिटी, स्टॅमिना) आणि 'ऑफ द बेअर' (स्ट्रेंग्थ, स्टॅमिना), हीलसाठी 'ऑफ द आउल' किंवा 'ऑफ द ईगल'. ऑक्शन हाउसात हिरव्या वस्तू स्वस्त मिळतात. शस्त्राच्या डॅमेजला भुलू नका. अस्वलाच्या पंजाला ते लागू होत नाही, फक्त स्टॅट्स बघा.

लूटचं आधीच ठरवा. ज्या भूमिकेत आलात तिच्या वस्तूंवर नीड ('मला हवंय'), दुसऱ्या सेटसाठी बाकी कोणाला नको असेल तरच. ड्रुइड प्रत्येक चामड्यावर रोल करायला लागला की पहिलं भांडण रोगशी होतं.

धागाकर्ता

खूप आभार, अस्वल पक्कं. ग्राउलचं तर लक्षातच आलं नव्हतं. एक शंका: अस्वलाचा स्वाइप एका वेळी तिघांनाच लागतो. झुल'फराकच्या पायऱ्यांवर झुंडच्या झुंड येते म्हणतात, तिथे काय करायचं?

प्रतिसाद ४: अस्वलपंथी

तिथे अस्वलाची खरी कसोटी आहे. पिंजऱ्यातले कैदी सोडले की ट्रोलांच्या लाटा पायऱ्या चढून येतात. सगळे धरायला जाऊ नका, धरता येणारच नाहीत.

सगळे तुमच्या टप्प्यात आले की आधी डीमॉरलायझिंग रोअर. थ्रेट थोडाच, पण सगळ्यांवर पडतो. ज्यांना कोणी हात लावलेला नाही ते हीलच्या थ्रेटमुळे प्रीस्टकडे धावतात, ते निदान काही क्षण रोअरने अडतात. मग स्वाइप, कवटीची खूण असलेल्यावर (आधी मारायच्या शत्रूवर) मॉल. तुमच्या ग्राउलचा कूलडाउन दहा सेकंद आहे आणि तो कधी चुकतोही, म्हणून तो प्रीस्टवर गेलेल्यासाठीच राखा. प्रीस्टने पळायचं नाही, तुमच्याकडे यायचं आणि फेड (थ्रेट घटवणारा मंत्र) दाबायचं. (घाबरून उलट दिशेला पळणारा हीलर हा सगळ्या डन्जनांचा साथीचा रोग आहे.) मेजने फ्रॉस्ट नोव्हा हाताशी ठेवावा आणि ब्लिझर्ड तुमचा स्वाइप दोनदा बसल्यावरच.

शेवटच्या लाटेत सेझ'झिझ हा ट्रोल आला की तो स्वतःच्या लोकांना हील करतो आणि तुम्हाला घाबरवून पळवतो. फेरल चार्ज घेतला असेल तर त्याने कास्ट तुटतो. आधी त्याला उडवा. सोडवलेल्या कैद्यांपैकी ब्लायशी बोलायला जाण्यापूर्वी सगळ्यांची माना भरू द्या, तो उलटतो.

प्रतिसाद ५: मुळ्यापाने

तिसऱ्या प्रश्नावर. ६० ला ५१ पॉइंट मिळतात. ०/३०/२१ (बॅलन्स/फेरल/रेस्टोरेशन) ही मांडणी बघून ठेवा: हार्ट ऑफ द वाइल्ड आणि नेचर्स स्विफ्टनेस दोन्ही मिळतात. कपडे बदलून डन्जनला टँक आणि रेडला हीलर, रिस्पेकचा खर्च नाही. बदल्यात लीडर ऑफ द पॅक आणि स्विफ्टमेंड या दोन्ही शाखांच्या शेवटच्या टॅलेंटवर पाणी सोडावं लागतं. रिस्पेक पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, १० असा ५० पर्यंत चढतो. रेल्मवर (सर्व्हरवर) ड्युअल स्पेकची (दोन टॅलेंट-मांडण्या ठेवायची) सोय असेल तर ही तडजोड करू नका, दोन पूर्ण स्पेक ठेवा.

रेडमध्ये मुख्य टँक व्हायची आशा धरू नका. लेव्हल ६३ च्या बॉसचा क्रिट (अचानक बसणारा जोरदार फटका) टाळायला डिफेन्स ४४० लागतो, चामड्यात तो जमवणं फार जड जातं. क्रशिंग ब्लो (बॉसचा आणखी एक जास्तीचा फटका) वॉरियर शील्ड ब्लॉकने टाळतो, अस्वलाकडे ढालच नाही.

प्रतिसाद ६: अस्वलपंथी

'आशा धरू नका' जरा टोकाचं झालं. मोल्टन कोअर या रेडमध्ये गार या बॉसच्या आठ साथीदारांपैकी एक धरायला अस्वल उत्तम चालतं, आणि तो पडला की तुम्ही रूप सोडून इनर्व्हेट (माना भरून काढणारा मंत्र) देऊ शकता. पण गिल्डमध्ये शिरताना 'ऑफ-टँक, गरजेला हीलर' असं स्पष्ट सांगा आणि हीलचा सेट सोबत न्या. अर्ज करण्याआधी रेड लीडरला एवढंच विचारा: फेरलच्या लूटवर माझा नंबर कितवा?