कुलूप नेमकं कुणाला? ई-पुस्तकं, सिनेमे आणि पायरसी

रानवारा
पैसे मोजून घेतलेली माझी साठेक ई-पुस्तकं गेल्या महिन्यात उघडेनाशी झाली. ज्या दुकानातून घेतली त्याचं ॲप बंद पडलं. फायलींना नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्यांच्याच सर्व्हरवर होती. फायली माझ्या टॅबमध्ये आहेत, वाचता येत नाहीत. त्यातलीच काही टेलिग्रामवर बिनकुलपाची, फुकट पडली आहेत. कुलूप लागलं ते विकत घेणाऱ्याला.

हे जुनंच दुखणं आहे. डीव्हीडीला सीएसएस नावाचं कुलूप होतं. त्याची किल्ली प्रत्येक प्लेयरमध्ये ठेवावीच लागायची, नाहीतर सिनेमा दिसणार कसा? मग ती कुणाच्या तरी हाती लागणारच. १९९९ मध्ये नॉर्वेतला १५ वर्षांचा योन योहान्सेन आणि त्याचे साथीदार यांनी ते उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम जगापुढे ठेवला. योहान्सेनवर खटला झाला आणि २००३ मध्ये तो खालच्या व वरच्या, दोन्ही कोर्टांत निर्दोष सुटला. आपल्याकडे मात्र अमेरिकेहून मावशीने कौतुकाने आणलेली डीव्हीडी रीजन कोडपायी, म्हणजे ती जगाच्या ठरावीक भागातच चालावी म्हणून घातलेल्या खुणेपायी, टीव्हीखालच्या प्लेयरवर चालायची नाही.

छापखाना
तुमच्या पुस्तकांचं वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही ऐका. मी दिवाळी अंक काढतो. अंक स्टॉलवर लागून तीन दिवस झाले नाहीत तोच संपूर्ण पीडीएफ माझ्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली लिहिलेलं, 'मराठी वाचवा, पुढे पाठवा'. लेखकांचं मानधन, कागद, छपाई, विक्रेत्याचं कमिशन कुणी द्यायचं? कुलूप फुटतं हे मलाही कळतं, पण म्हणून कुणी घर उघडं टाकून गावाला जातं का?

कासव
घराची तुलना इथे बसत नाही. घर फोडलं तर एकच घर फुटतं. इथे जगात कुणीतरी एकाने एकदा फोडलं की फुटलेलीच प्रत सगळ्यांना मिळते. पुढे पाठवणाऱ्या काकांच्या वाटेत कुलूप येतच नाही. आणि तुमचा अंक तर छापील होता ना? कुणीतरी फोनवर पानं स्कॅन केली असणार. त्याला कुठलं कुलूप लावाल?

२००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीत असंच संरक्षण घातलं होतं. सीडी संगणकात घातली की ते सॉफ्टवेअर लपून बसायचं आणि त्याच्या आडोशाने व्हायरस शिरायला लागले. शेवटी सीड्या परत घ्याव्या लागल्या. ॲपलने तर २००९ मध्ये विकायच्या गाण्यांवरचं कुलूपच काढून टाकलं.

छापखाना
गाण्यांचं उदाहरण पुस्तकांना लावू नका. गायकाला कार्यक्रम असतात. कथालेखकाला हजार प्रतींच्या आवृत्तीवरचं मानधन, तेवढंच. स्कॅन करायला माणसाला दोन तास बसावं लागतं, बिनकुलपाची फाइल दोन सेकंदांत जाते. पुष्कळजण त्या दोन तासांना कंटाळतात, आणि मला तेवढंही चालतं.

रानवारा
सगळे कंटाळायला नकोतच, एकजण बसला की झालं. तुमचा राग रास्त आहे हो. लेखकाचे पैसे बुडू नयेत असं मलाही मनापासून वाटतं. पण या कुलपाने ते वाचत नाहीत आणि माझे मात्र बुडाले.

सोनचाफा
मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो त्यावर माझं वाचन चालतं. कुलूपबंद फाइल बऱ्याचदा तो वाचतच नाही, म्हणजे विकत घेऊनही पुस्तक माझ्यासाठी मुकंच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करायला परवानगी दिली आहे. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देशही भारतच, २०१४ मध्ये. त्याच कायद्याच्या ६५ए कलमात कुलूप फोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने फोडलं तरच. म्हणजे मी वाचण्यासाठी उघडलं तर गुन्हा नाही. पण उघडायचं कसं? ते मला कोण करून देणार?

छापखाना
सोनचाफा, हा विचार मी कधी केलाच नव्हता. गेल्या तीन वर्षांच्या अंकांच्या युनिकोड फायली, म्हणजे फोनला वाचून दाखवता येतील अशा, माझ्याकडे आहेत. ईमेल कळवा, उद्याच पाठवतो, पैसे नकोत. बाकीच्यांसाठी यंदाच्या ई-आवृत्तीवर कुलूप राहणार. त्या व्हॉट्सॲपच्या रात्रीनंतर ते काढायला माझा हात धजत नाही.

सोनचाफा
ईमेल व्यक्तिगत निरोपातून कळवला आहे. पैसे मात्र घ्या. अंकाची किंमत मला द्यायचीच आहे.