मदत हवी आहे: बचत गटातून सगळ्यात गरीब बाईच गळते, काय करावं?

आमचा गट १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात केअर या मदत संस्थेने सुरू केलेल्या पद्धतीने चालतो. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, पैसे सगळ्यांसमोर मोजायचे. बाहेरचा पैसा नाही, कुणाचे उपकार नाहीत, म्हणून मान राहतो. पण हप्ताही सगळ्यांदेखत भरायचा असतो. जिच्याकडे त्या आठवड्यात काहीच नसतं ती मान खाली घालून बसते आणि पुढच्या बैठकीला येतच नाही. गट खरा तिच्यासाठीच हवा ना! हप्ता माफ करणं मला पटत नाही, त्यात पुन्हा दयाच आली. हिशोब उघडा ठेवूनही तिची लाज कशी राखायची? ज्यांनी गट चालवलेत त्यांनी आपले नियम सविस्तर सांगा, प्लीज.