तुर्ने: वळण्याआधी कातणं

प्रश्न: फ्रेंच 'तुर्ने' (वळणे, फिरणे) आणि संस्कृत 'तर्कु' (चाती) यांचा धातू एकच का? अर्थ जुळतो, ध्वनीही जुळतात.

उत्तर: नाही, हे साम्य फसवं आहे. 'तर्कु'चं नातं लॅटिन 'तोर्क्वेरे'शी, म्हणजे पिळण्याशी. त्यातून फ्रेंचमध्ये 'तोर्द्र' आलं. ओला कपडा पिळतात त्याला हेच क्रियापद. 'तुर्ने' आलं लॅटिन 'तोर्नारे'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ वळणं नव्हताच. लेथवर धरून गोल करणे, हा होता. त्यामागे 'तोर्नुस' (लेथ), त्याच्याही मागे ग्रीक 'तोर्नोस': वर्तुळ आखायचं साधन आणि लेथही. आपला कातारी लाटणं कातून काढतो, तेच काम. पटाशी टेकवून धरायची, फिरतं ते लाकूड. या फिरण्यालाच पुढे महत्त्व आलं: आधी गोल करणे, मग काहीही फिरवणे, शेवटी रस्त्यात वळणे. वळण्यासाठी लॅटिनमध्ये 'वेर्तेरे' होतं, आपल्या 'वृत्'-'वर्तुळ'चं भावंड; त्याची जागा फ्रेंचमध्ये 'तुर्ने'नं घेतली.

मराठीत मात्र चाती आणि लेथ एकाच क्रियापदाखाली नांदतात. सूतही कातायचं, लाकूडही.

पुरवणी: जुना अर्थ मेलेला नाही. लेथवर काम करणारा तो 'तुर्नर'. आयटीआयतला 'टर्नर' त्याच घरातला, इंग्रजीमार्गे आलेला. घाटदार वाक्याला 'बिएँ तुर्ने' म्हणतात. रोमन कवी होरेसनंही वाईट कातलेल्या ओळी परत ऐरणीवर घ्यायला सांगितलंय. (लेथवरून थेट ऐरणीवर!)

'तूर' या नामाचं लिंग सांभाळा. पुल्लिंगी 'ल तूर' म्हणजे फेरी, लेथ, कुंभाराचं चाकसुद्धा. स्त्रीलिंगी 'ला तूर' म्हणजे मनोरा. तो 'तुर्रिस'वरून आलेला वेगळाच शब्द. म्हणून सायकलशर्यत 'ल तूर', आयफेल 'ला तूर'.

भाषांतर करणाऱ्यांसाठी: 'ल ले आ तुर्ने' म्हणजे दूध नासलं. 'ला तेत म तुर्न' म्हणजे गरगरतंय, चक्कर येतेय. तिथं 'माझं डोकं फिरलंय' लिहिलंत तर आजारी माणूस भडकलेला वाटेल. चित्रपटाच्या सेटवर 'ऑं तुर्न' ऐकू आलं तर गप्प बसायचं, चित्रीकरण सुरू आहे. सुरुवातीचे कॅमेरे मूठ फिरवून चालवत, तिथून हा प्रयोग आला.